थोरल्याची ओळ

शाळवाची कणसे भरली आहेत. आमच्याकडे आता शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, फारसा कोणी पेरत नाही. कयाधू नदीच्या काठाने हळद आली, ऊस आला, हरभरा वाढला. माझ्या वाट्याच्या एका तुकड्यात मी तो दरसाल पेरायला लावतो. मुले म्हणतात, राखण कोण करणार, पाखरे खाऊन जातात. मी म्हणतो, खाऊ द्या. यापुढचे मी त्यांना सांगत नाही. सांगायचे झाले तर ते शेतीचे नाही, संगीताचे आहे. आणि तेही आपल्या नव्हे, विलायती. पिकाच्या राखणीचा त्याच्याशी काय संबंध, हे समजावत बसण्याचा माझा स्वभाव नाही. एकदाच लिहून ठेवतो.

पौषात आमच्या काळ्या रानावर दहिवर पडते. मचाणाच्या बांबूला हात लावला तर बोटे बधिर होतात. उजाडता उजाडता भोरड्यांचे थवे येतात. भोरडी हे इथले पाखरू नव्हे. ती फार लांबून, डोंगर आणि मुलूख ओलांडून शाळवाच्या हंगामाला येते आणि कडब्याच्या पेंढ्या बांधून झाल्या की निघून जाते. थवा उतरला की रानाचा तेवढा भाग काळा आणि गुलाबी होतो; उठला की मागे रिकामी कणसे राहतात. त्यासाठी गोफण, त्यासाठी आरोळी. त्या काळी प्रत्येक रानात मचाण आणि प्रत्येक मचाणावर माणूस असे. आमच्या मचाणावर गोफणीशेजारी दोन कॉर्नेट असत.

कॉर्नेट म्हणजे लष्करी बँडमधले पितळेचे तोंडवाद्य. हातभरही लांब नसते. वर तीन दट्टे. ते दाबावे तसा सूर बदलतो. एक माझ्या थोरल्या भावाचे, गणपतचे, आणि एक माझे. दोन्हींना पोचे पडलेले होते. भावाला मी दादा म्हणे. मी त्याच्या पाठचा. आम्ही दोघेही तेव्हा औत धरण्याच्या वयाचे होतो, आणि औत धरून उरलेल्या वेळात हे. घरात सराव करण्याची सोय नव्हती. पहिल्याच दिवशी गोठ्यातली गाय दावे तोडून पळाली, तेव्हा वडील म्हणाले, "ते शिंग रानात घेऊन जा. तिथं पाखरं तरी उठतील."

पाखरे उठली. इतकी उठली की बांधापलीकडचे किसनकाका आपल्या मचाणावरून ओरडू लागले, "अरे गणपत, जरा इकडं तोंड करून वाजव की. तुमच्या रानातल्या समद्या माझ्यात उतरून राहिल्या." दादा त्यांच्याकडे तोंड करून वाजवी. थोड्या दिवसांत भोरड्या सरावल्या. वाजवणे सुरू झाले तरी कणसावर झुलत बसत. किसनकाका म्हणाले, "आता ह्या ऐकाया बसून राहिल्या, लेका. तू गोफणच काढ."

हे वाद्य आमच्या घरात आले मिंगेल मास्तरांमुळे. हिंगोलीला एकेकाळी मोठी छावणी होती. ती उठल्यालाही तेव्हा बरीच वर्षे झाली होती. छावणीच्या जुन्या वस्तीत एका बसक्या घरात मास्तर राहत. मूळचे गोव्याचे, निजामाच्या फौजेतल्या बँडमध्ये उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नीचे थडगे हिंगोलीतच होते, म्हणून ते परत गावी गेले नाहीत. पोटासाठी त्यांनी लग्नाचा बँड काढला होता आणि त्यात आमच्यासारखी शेतकऱ्यांची, मेंढपाळांची माणसे भरली होती. एका वरातीत दादाने तो बँड ऐकला, दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या दारात जाऊन बसला, आणि पुढच्या खेपेला मलाही घेऊन गेला.

मास्तरांचे दुःख एकच होते. त्यांच्या संगीतात एका वेळी अनेकांनी अनेक चाली वाजवायच्या असतात. एक वर जातो, एक खाली येतो, तिसरा एकाच जागी उभा राहतो, आणि सगळे मिळून एक होते. आमच्या माणसांना हे जमत नसे. वाजवता येत नव्हते असे नाही. मनाला पटत नव्हते. दुसऱ्या कॉर्नेटवर सखाराम नावाचा मेंढपाळ होता. त्याला वेगळी चाल शिकवली, त्याने ती पाठ केली, आणि वरात निघाली की चार पावलांत तो मुख्य चालीवर येई. मास्तर संतापले. सखाराम शांतपणे म्हणाला, "समदे एकीकडं चालले, मास्तर. मी एकलाच काहून येगळा जाऊ? मेंढरू बी असं करत न्हाई."

"तू मेंढरू नाही, मेन." मेन म्हणजे माणसा; ही मास्तरांची फौजेतली सवय.

"तुमाला काय ठावं मेंढरू?"

पुढे एका लग्नात सखाराम महत्प्रयासाने आपल्या चालीवर टिकला, तर मुलीचे वडीलच मध्ये आले. "मास्तर, ह्या दोघांचं काही बिनसलं का? मांडवात भांडण नगा करू."

मास्तरांनी मग आम्हाला बसवून इतिहास सांगितला. ते रविवारी आमच्या रानात हुरडा खायला येत. बाभळीखाली घोंगडी टाकून बसत, टोपी गुडघ्यावर ठेवत, आणि आगटीतले कणीस हातावर चोळता चोळता बोलत. त्यांच्याकडेही पूर्वी असेच होते, ते म्हणाले. मठातले साधू कित्येक शतके एकाच सुरात प्रार्थना म्हणत. मग कोणाला तरी त्याच प्रार्थनेवर दुसरा सूर धरावासा वाटला. तो कोण, त्याचे नाव कोणाला माहीत नाही. काहींना ते पाप वाटले असेल. पण एकदा दोन सूर शेजारी उभे राहिले आणि तिथून पुढे सगळे निघाले. मोठी देवळे, मोठे बाजे, शेकडो वाजवणारे. पूर्वीच्या शिंगांना दट्टे नव्हते, त्यामुळे मोजकेच सूर निघत. दट्टे आले आणि पितळेच्या नळीत सगळे सूर आले.

मास्तर नावे घेत; आम्हाला ती उच्चारता येत नसत. म्हणून आमच्या घरात त्या थोर रचनाकारांची ओळख नात्यागोत्यावरून आणि हालांवरून झाली. एक जहागीरदाराच्या पदरचा; नोकराचा पोशाख घालून जेवणाच्या वेळी नवे संगीत हजर करणारा. एक लहानपणीच दरबारोदरबारी फिरवलेला आणि तरुणपणीच मेलेला. एक बहिरा. त्या बहिऱ्याची गोष्ट दादा पुन्हा पुन्हा विचारी. त्याची मोठी रचना पहिल्यांदा वाजली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो पाठमोराच उभा राहिला. कोणीतरी त्याला धरून लोकांकडे वळवले.

"मग त्येला दिसल्या टाळ्या," दादा म्हणे.

"दिसल्या," मास्तर म्हणत.

माझ्या आईला, आम्ही तिला माय म्हणत असू, सगळ्यांत लक्षात राहिला तो देवळातला बाजेवाला. पुष्कळ लेकरांचा बाप. दर रविवारच्या प्रार्थनेला नवीन रचना करणारा आणि घरी आल्यावर लेकरांना शिकवणारा. माय भाकरी घेऊन आली होती ती तशीच उभी राहिली.

"एवढी लेकरं एकीलाच?"

"दोघींना, माई. पहिली मेली. हा धन्याबरोबर परगावी गेला होता. जाताना ती चांगली होती. परत आला तर तिला पुरूनसुद्धा झालं होतं."

मास्तरांच्या पानात मायने आणखी एक भाकरी ठेवली. मास्तरांची स्वतःची बायको हिंगोलीच्या मातीत होती हे तिला ठाऊक होते.

आमच्या दोघांसाठी मास्तरांनी एक छोटी रचना निवडली. ती त्यांनी लहानपणी गोव्यात कुठल्याशा गिरजाघरात शिकलेली होती. करणारा कोण, हे त्यांनाही माहीत नव्हते. त्या प्रकाराला ते कॅनन म्हणत. चाल एकच. पहिल्याने एक ओळ वाजवायची. ती संपून तो दुसऱ्या ओळीवर गेला की दुसऱ्याने मागून पहिली ओळ सुरू करायची. मग पुढचा पुढे, मागचा मागे. पण दोन्ही ओळी एकमेकींवर अशा बसतात की ऐकणाऱ्याला एकच मोठी गोष्ट चालल्यासारखी वाटते. मास्तर म्हणाले, "तुम्ही भाऊ आहात. हे तुम्हाला जमेल. थोरला पुढे, धाकटा मागे. यात भांडण नाही."

तरी अडलेच. त्या चालीत एक जागा अशी होती की तिथे दादा खाली उतरलेला असे आणि मी त्याच वेळी वर चढत असे. माझा सूर त्याच्या सुराच्या वर जाई. ते माझ्याने होत नसे. थोरला खाली बसला असता धाकट्याने वर खाटेवर बसू नये, हे आमच्या अंगात होते. मी त्या जागी श्वास आवरता घेई, सूर दबे. मास्तर टोपी आपटत. "वर जा, मेन. तिथं वर जायचंच आहे. लिहिणाऱ्यानं तसं लिहिलंय."

दादा हसे. "जा की रे वर. मी काय तुला खाऊन राहिलो का?"

मी जाई, पण दबून. अखेर मास्तरांनी नाद सोडला.

त्या रचनेचा शेवट मला आजही सर्वांत अवघड वाटतो, आणि तो माझ्या वाट्याचा नव्हता. पहिला वाजवणारा साहजिकच आधी संपतो. दुसऱ्याची एक ओळ अजून उरलेली असते. तेव्हा पहिल्याने थांबायचे नाही. शेवटचा सूर धरून ठेवायचा, मागचा येऊन मिळेपर्यंत. मग दोघांनी एकदम सोडायचे. दादाला तो सूर धरताना मान फुगवावी लागे, डोळ्यांत पाणी येई. मी ओळ संपवून त्याच्या सुराला मिळालो की तो डोळ्यांनीच खूण करी आणि आम्ही सोडत असू. एकदा मी मुद्दाम सावकाश वाजवले. त्याने सोडले नाही. नंतर खोकत म्हणाला, "लेका, थोरल्याला असं टांगून ठेवतेत का?"

खाली माय हुरड्याची कणसे खुडत असे. ती मान वर करून पाहत नसे. पण शेवटचा सूर सुटेपर्यंत तिचा हात थांबलेला असे, हे मी मचाणावरून पाहिले आहे.

मास्तर आणखी एका प्रकाराबद्दल सांगत. त्यात चाल आपल्या घरातून निघते, परक्या मुलखात जाते, तिथे तिचे तुकडे होतात, ओळखू येत नाही अशी होते, आणि शेवटी आपल्या घरी येते. ऐकणारे तेवढ्यासाठीच बसलेले असतात, ते म्हणत.

दादाने विचारले, "आन् न्हाई आली घरी तर?"

"येतेच. नाही आली तर लिहिणाऱ्याची चूक."

मी लिहिणाऱ्याला दोष देत नाही. तो माझा स्वभाव नाही.

दादाला तो मोठा बाजा ऐकायचा होता. पुष्कळ माणसे, पुष्कळ चाली, सगळे एका वेळी. हिंगोलीत ते मिळणारे नव्हते. मास्तरांची फौजेत ओळख होती. हैदराबादला बँडमध्ये जागा होती. वडिलांना पसंत नव्हते. ते म्हणाले, "लढाई चालू हाय तिकडं." दादा म्हणाला, "आबा, बाजेवाल्याला कोण बंदूक देतं?" हे बरोबर होते. बंदूक दिली नाही. शाळू पोटरीत असताना, कणसे बाहेर पडण्याआधी, तो गेला. आपले कॉर्नेट मचाणाच्या खुंटीला अडकवून म्हणाला, "मला तिथं सरकारी भेटन. हे राहू दे. पाखरं राखाया दोन लागतेत."

त्याची पलटण समुद्रापार गेली, मलायाकडे. लढाईत बाजेवाल्यांनी जखमी उचलायचे असतात, हे मास्तरांना ठाऊक होते. त्यांनी ते आम्हाला आधी सांगितले नव्हते. तो मुलूख जपान्यांच्या हाती पडला. पलटण कैदेत गेली असे कळले, आणि मग काहीच कळेना.

लढाई संपली. माणसे परत येऊ लागली. हट्टा गावाच्या बाजूचा एक शिपाई आला, असे ऐकून वडील आणि मी त्याच्याकडे गेलो. तो ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. फार वाळलेला. त्याने दादाला पाहिले होते. "स्ट्रेचर उचलाया होता तो. कैदेत पहिल्या पावसाळ्यात होता आमच्यात. मग आजारी माणसं दुसरीकडं नेली. त्यात गेला." कुठे नेली, हे त्याला माहीत नव्हते. त्यांतले कोणी परत आले का, असे वडिलांनी विचारले. तो म्हणाला, "मी न्हाई पाह्यलं." मग म्हणाला, "तोंडानं वाजवायचा. बाजा नव्हता ना तिथं. ओठानंच."

मायला एवढेच सांगितले की दादा दुसरीकडे नेलेल्यांत आहे. माय म्हणाली, "मग तिकडून येईल."

शाळवाचे हंगाम येत राहिले. भोरड्या येत. माय त्यांना हाकलताना मी कधी पाहिले नाही त्या वर्षांत. एकदा तिने विचारले, "ह्या पाखरांला समुद्र लागत आसंल का रे मधी?" मी म्हणालो, ठाऊक नाही. ती म्हणाली, "येतेत तरी."

इथे माझ्याविषयी थोडे सांगावे लागते. हट्ट्याच्या सरस्वतीशी, सरूशी, माझे लग्न जमलेले होते. पण थोरला बिनलग्नाचा असताना धाकट्याचे लग्न आमच्यात होत नाही. थोरला आधी. दादा आला की त्याचे, मग माझे, असे ठरले होते. सरूची माणसे भली. त्यांनी वाट पाहिली. ज्या वयात मुलीला सासरी दोन लेकरे व्हावीत त्या वयात ती बापाच्या घरी बसून राहिली आणि तिने कधी निरोपही पाठवला नाही. मग देश स्वतंत्र झाला आणि आमचा निजामाचा मुलूख मागे राहिला. त्या हिवाळ्यात आमच्याकडचे दिवस बरे नव्हते. रस्त्याने हत्यारबंद टोळ्या फिरत. लोक बायकामुले वऱ्हाडात पोचवू लागले. ज्याची मुलगी उपवर त्याला झोप नव्हती.

सरूचे वडील आमच्या रानात आले. घोंगडीवर बसले, पण हुरड्याला हात लावला नाही. "दाजी," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "मी तुमाला तकलीफ देऊन राहिलो, कळतं मला. पण पोरीला अजून किती दिवस घरात ठिवू? एक तर न्या, न्हाई तर मोकळं करा. दुसरीकडं देतो."

वाट होती. तीही रीतच होती. थोरल्याचे लग्न होणार नसेल तर ते रुईच्या झाडाशी लावतात. मग धाकटा मोकळा. पण हे बहुधा ज्याचे सगळे आटोपले त्याच्यासाठी करतात, आणि ते सगळ्यांना ठाऊक असते. वडिलांनी दबक्या आवाजात शब्द काढला. माय आगटीपुढून उठून आली.

"जित्या लेकराचं लगन मी झाडासंगं न्हाई लावत."

"अगं, सहा-सात सालं..."

"त्या देवळातल्या बाजेवाल्याला आल्यावर जागा तरी दावली आसंल बायकोची. मला काय दावलं कोणी?"

वडील उठून बांधाकडे गेले. सरूचे वडील टोपी सारखी करत राहिले. सरू हवी की भाऊ, असे मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी काय म्हणालो असतो, हे मला आजही माहीत नाही. जाताना सरूच्या वडिलांनी कडबा पडेपर्यंतची मुदत दिली.

माघ लागला होता. दुपारची वेळ. शाळू वाळून कोरडा वाजत होता. माय भाकरी घेऊन रानात आली, आणि मचाणाखाली बसली. मी खाली उतरलो तर म्हणाली, "वर जा. ते तुमचं दोघांचं वाजव."

"कोणतं?"

"तेच. एकामागं एक जायचं."

"ते दादा सुरू करतो, माय."

"करू दे की मग त्याला. त्याची वळ जाऊ दे. ती झाली की तू घे. रोज कसं करायचा?"

मी वर चढलो. खुंटीवरचे माझे कॉर्नेट घेतले. त्याचे तसेच राहू दिले. ओठाला लावले आणि थांबलो. दादाची ओळ मनातल्या मनात जाऊ दिली. घाई केली नाही. पाने सळसळत होती. किसनकाकांची गोफण एकदा कडाडली. माय, जी कधी वर पाहत नसे, ती मान वर करून पाहत होती. माझ्याकडे नाही, मचाणाच्या दुसऱ्या टोकाकडे. त्याची ओळ संपली. मी माझी सुरू केली.

ती चाल एकट्याने वाजवली की अगदी साधी आहे. लेकराला येईल अशी. मधली जागा आली, जिथे मला वर जायचे असे आणि तो खाली असे. खाली कोणी नव्हते. तरी मी दबलो. मग शेवटची ओळ आली. इथे तो सूर धरून उभा असे आणि मी त्याच्या आधाराने उरलेली वाट चालत असे. मी ती ओळ पुरी केली. कोणत्याही सुराला मिळालो नाही. सोडले.

रानात काही बदलले नाही. माय म्हणाली, "न्हाई धरला."

मी कॉर्नेट खुंटीला अडकवले.

"तू येईस्तोवर धरायचा तो. कुठं बी आसता तरी धरला आसता त्यानं." तिने भाकरीचे फडके झटकले, घडी केली, पुन्हा उलगडले, पुन्हा घडी केली. "तुझ्या आबाला सांग. बांधावर रुई हाय, आपल्याच. दुसऱ्याची नगं."

एवढेच. ती रडली असेल तर रानाच्या वाटेने गेली तेव्हा. मी मागून पाहत होतो, खांदे हलले नाहीत.

लग्न सकाळी लागले. रुईला खणाचा तुकडा नेसवला. दादाच्या जागी त्याचे कॉर्नेट ठेवले. मायने ते स्वतः खुंटीवरून काढून आणले, चिंचेने घासले, आणि त्याला हळद लावली. दट्ट्यांना, नळीच्या वळणांना, तोंडाला. नवरदेवाला लावतात तशीच, गालाला आधी. अंतरपाट धरला. हळदीने रंगवलेली ज्वारी आम्ही अक्षता म्हणून टाकली. ती आमच्याच रानातली होती. मिंगेल मास्तर हिंगोलीहून चालत आले होते. रस्ते बरे नसताना. ते टोपी हातात घेऊन बांधाखाली उभे राहिले. मंगलाष्टके झाल्यावर माझ्याजवळ आले. "मी वाजवू का त्याची ओळ? तू मागून ये."

मी नको म्हणालो. त्यांनी मान हलवली. मग फक्त म्हणाले, "बरोबर."

रीत अशी आहे की लग्न लागले की ते झाड उपटून टाकायचे. किसनकाकांनी कुदळ आणली होती. माय झाडापुढे आडवी उभी राहिली.

"ऱ्हाऊ द्या. सून हाय ती."

कोणी हसले नाही. किसनकाकांनी कुदळ खांद्यावर टाकली आणि ते गेले.

माझे लग्न हट्ट्याला झाले, बँडशिवाय, भरभर. सरू घरात आली तेव्हा मायने तिला आधी बांधावर नेले आणि सांगितले, "ही तुझी थोरली जाऊ. हिला रोज वाकून जायचं." सरूने तिच्या सगळ्या आयुष्यात एकदाही ते चुकवले नाही. रुईला पाणी लागत नाही; कोरड्या बांधावर ती आपोआप वाढते. माय तिला तांब्याभर पाणी घाली. पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस निजामाचे राज्य गेले. लोक घरी परतले. माय रुईला पाणी घालून आली आणि म्हणाली, "समदे आले."

पुढे घरात रेडिओ आला. एकदा रात्रीच्या जेवणाआधी काटा फिरवताना अचानक तो मोठा बाजा लागला. पुष्कळ माणसे, पुष्कळ चाली, सगळे एका वेळी. ज्यासाठी दादा गेला, ते हे. मी उभा राहून ऐकले. चाल परक्या मुलखात गेली, मोडली, आणि शेवटी खरोखरच घरी आली. मास्तर खोटे बोलले नव्हते. सरूने माझ्याकडे पाहिले आणि रेडिओ बंद केला.

मास्तर गेले. त्यांना त्यांच्या पत्नीशेजारी पुरले. वडील गेले, माय गेली, सरू गेली. रुई बांधावर आहे. दोनदा वाळली आणि मुळातून फुटली. दादाचे कॉर्नेट माझ्याजवळ आहे. मधला दट्टा खाली जातो, वर येत नाही. वळणाच्या सांध्यांत हळद अजून आहे. ती मी घासून काढलेली नाही.

दादा गेला तेव्हा तो तरुण होता. आज मी त्याच्याहून पुष्कळ थोरला आहे. नात्याने अजून धाकटाच.

हल्ली माझा श्वास वाद्याला पुरत नाही. हंगामात एकदा मी मचाण होते तिथे जाऊन बसतो. भोरड्या येतात; मी हाकलत नाही. आधी त्याची ओळ जाऊ देतो. मग माझी यायची वेळ येते, तीही मी मनातच घेतो, आणि त्या मधल्या जागी अजून दबतो. पूर्वी शेवटाला पोचलो की सूर धरलेला नाही, हे कळे. आता वेगळे वाटते. त्याची ओळ फार आधी संपली. माझी अजून चालू आहे. तो शेवटच्या सुरावर थांबला असेल. एवढा वेळ कोणाचा श्वास टिकत नाही, हे मला समजते.

दादाचा टिकत असे.